दुसऱ्या गावातली बाई

हा-सेकोटो, ४ मे २०१९

अउसी मालिम्फो,

शांती असो. हे पत्र न्ताते त्लालींच्या टोपीत आहे. या महिन्यात खिंड उतरून गोळ्या आणायची पाळी त्यांची. आमच्या गोळीवाल्या गटातल्या पाचही जणांची दवाखान्याची कार्डं खिशात दिलीत, पण पत्र टोपीतच ठेवायला लावलं. मागच्या वेळी खिशातल्या पत्रात त्यांनी तंबाखू गुंडाळून ओढला आणि तुझं अर्धं उत्तर त्यांच्या छातीत गेलं.

मी बरी आहे. चौदा वर्षं रोज गोळी घेणारी बाई जेवढी बरी असते तेवढी. गोळीला कंटाळा येत नाही, मलाच येतो. लेकीचं म्हणशील तर, सेनाते मजेत आहे.

आता गटाचे प्रश्न. फोनवर हे विचारता येत नाही ते तुला ठाऊकच आहे. रेंज टेकडीवर, आणि टेकडीवर दहा जणांचे कान. रामोहापींच्या दुकानातल्या फोनला तर भोंगा लावलाय, सगळं दुकान ऐकतं. म्हणून तू आमचा फोन.

त्लाली विचारतात, नवी गोळी आणि घरची ज्वारीची बिअर यांचं जमतं का? जमत नसेल तर गोळी बदलून मिळते का? (बिअर बदलायची त्यांची तयारी नाही.) म्मे मान्तोआ विचारते, नव्या गोळीपासून ती फुगत चाललीय, चर्चचा झगा खांद्यावरच अडकतो. हे गोळीमुळे की मक्याच्या पिठामुळे? खरं सांग, पण हळू सांग.

तिसरा प्रश्न गटातला नाही. दुसऱ्या गावातली एक बाई आहे, तू ओळखत नाहीस. तरुण आहे, पहिलटकरीण. गोळ्या चुकवत नाही, रक्तात विषाणू दिसत नाही असं कार्डावर लिहिलंय. जूनमध्ये बाळ होईल. नर्स सांगते, स्वतःचं दूध पाज. तिची आई म्हणते, नर्सची काय, उद्या बदली होईल, बाळ आपल्याकडेच राहणार आहे. तर खरं काय ते तुझ्या फोनमधून बघून लिही. घाई नाही, पण लवकर लिही.

तुझी मावसबहीण,
मासेनाते

*

कॅम्प, ६ मे २०१९

मासेनाते,

त्लाली उद्या उजाडताच निघतो म्हणतोय, म्हणून आज शाळेच्या गणवेशांचा ढीग बाजूला सारून तुमच्या गटाची शाळा घेतेय. इथं जिल्ह्याच्या गावी दवाखान्याच्या फाटकासमोर माझं शिवणयंत्र, त्यामुळे रेंज चांगली, पण गिऱ्हाईक मान वर करू देत नाही.

तुम्हाला वाटतं फोनला विचारलं की फोन सांगतो. फोन काही सांगत नाही गं. तो दहा जणांना एकदम बोलायला लावतो. पहिले तीन ओरडणारेच असतात. एक पास्टर पाणी विकतो, एकाकडे बाटलीत पाला आहे, एक म्हणतो सरकार लपवतंय. जो काही विकतो त्याला मी सोडून देते, हा माझा नियम. उरतात ते शांत बोलणारे, आणि त्यांचं इंग्रजी माझ्या सातवीच्या इंग्रजीला झेपत नाही. एकेक शब्द शोधून वहीत लिहून काढते. कधी कधी वाटतं, आजाराने नाही, या लिहिण्यानेच मी मरेन.

त्लालीला सांग, बिअर गोळीशी भांडत नाही, पण प्यायलेला माणूस गोळी विसरतो आणि तो विसरभोळा न पिताही आहे. मान्तोआला सांग, नव्या गोळीनं वजन वाढतं, पुष्कळांचं वाढलंय, पण गोळी सोडायची नाही. झगा माझ्याकडे पाठव, बाजूनं सैल करून देते.

आता त्या बाईचं. यावर मी दोन तास घातले. परदेशातल्या एका मोठ्या हॉस्पिटलचं पान मिळालं. काही विकत नव्हते, डॉक्टरांची नावं होती. तिथं स्वच्छ लिहिलंय: हा आजार असलेल्या आईनं बाळाला अंगावर पाजू नये, विषाणू दिसत नसला तरी नाही, डब्याचं दूध द्यावं. हे वाक्य मी खाली जसंच्या तसं उतरवलंय आणि त्याखाली दोन रेघा ओढल्यात.

नर्स वेगळं सांगते हे मलाही माहीत आहे. नर्स गरिबाला परवडेल तेच सांगतात. तिकडच्या आयांना एक आणि डोंगरातल्या आयांना दुसरं, असं का? तुला ठाऊक आहे, माझं तोंड दुधानंच पोळलंय. त्या पोरीच्या आईला म्हणावं, तुझं बरोबर आहे.

मालिम्फो

*

हा-सेकोटो, २२ जून २०१९

अउसी,

या महिन्यात मान्तोआची पाळी. झगाही देतेय.

त्या बाईला ९ जूनला मुलगा झाला. दिवसांआधीच, त्यामुळे दवाखान्यापर्यंत पोचता आलं नाही, घरीच झाला. नर्सनं आधीच देऊन ठेवलेलं बाळाचं औषध पहिल्या दिवसापासून चालू आहे. आणि तुझ्या सांगण्याप्रमाणे पाजत नाहीत. ती नको म्हणत होती, नर्स म्हणाली तसं करूया म्हणत होती. आईनं तुझं पत्र दाखवलं, दोन रेघांसकट. मग तिनं स्वतःच कापड आणून दिलं.

छाती कापडानं घट्ट बांधलीय. तरी दूध येतं, दिवसातून तीनदा कापड भिजतं. बाळ रडलं की जास्तच येतं. शेजारणी विचारतात तर गळू झालंय म्हणून सांगायचं. किती दिवस गळू राहणार?

डब्याचं दूध इथं मिळत नाही. दुकानात आहे ती चहात घालायची पावडर, तिच्यावर बाळाचं चित्र नाही म्हणून मी घेऊ दिली नाही. तोवर शेळीचं दूध पातळ करून चालवलंय, पण शेळीही आटत आलीय. तू दोन डबे मान्तोआबरोबर पाठव. कोणासाठी ते तिला सांगू नकोस. हिवाळा लागला, झरा सकाळी गोठलेला असतो, गोवऱ्या ओल्या आहेत, पाणी उकळायला अर्धा दिवस जातो.

मला झोप नाही. वय झालं असेल.

मासेनाते

*

कॅम्प, २४ जून २०१९

मासेनाते,

दोन डबे देतेय, झग्यात गुंडाळून. झगा चार बोटं सैल केलाय, मान्तोआनं आता आणखी फुगू नये.

डब्यावरच्या मापानंच दूध कालवायचं, पाणी खळखळ उकळून. तू त्या घरी रोज जातेस वाटतं. कापड किती वेळा भिजतं तेही तुला माहीत! दुसऱ्या गावाची सुईण झालीस आणि मला कळवलंही नाहीस. जपून, तुझंही रक्त काही लोखंडाचं नाही.

त्या पोरीला सांग, कापड भिजणं थांबतं. माझंही थांबलं होतं. बाळ गेल्यावर नवव्या दिवशी.

मालिम्फो

*

कॅम्प, ११ जुलै २०१९

मासेनाते,

हे पत्र कोण आणणार मला माहीत नाही, तरी लिहितेय.

आज दवाखान्यातली सिस्टर केनुवे पोराच्या गणवेशाचं माप द्यायला आली. बोलता बोलता मी शहाणपणा केला. म्हटलं, तुम्ही बायकांना अंगावर पाजायला सांगता, आणि बाहेर जगात तर बंदी आहे. ती हसली नाही. म्हणाली, "कुठलं पान? दाखवा."

दाखवलं. तिनं ते बोटानं वर सरकवलं. मी जिथं थांबले होते त्याच्याखाली आणखी दोन बोटं मजकूर होता. तिथं लिहिलं होतं: हा सल्ला आमच्या देशातल्या आयांसाठी आहे, जिथं घरात स्वच्छ पाणी आहे आणि डब्याचं दूध कधी संपत नाही. इतर ठिकाणी आईनं आपल्या देशाच्या आरोग्यखात्याचं ऐकावं, कारण तिथं बाळं या आजारापेक्षा जुलाबानं जास्त दगावतात.

मी म्हटलं, हे मी वाचलंच नव्हतं. ती म्हणाली, "म्मे मालिम्फो, रोज तुमच्यासारखे दोघं-तिघं येतात. खोटं वाचून येणारे कमीच. खरं असतं, पण दुसऱ्याच कोणासाठी लिहिलेलं." मग लेसोथोच्या आरोग्यखात्याची पुस्तिका काढून तिनं ओळीवर बोट ठेवलं. आईनं गोळ्या चुकवायच्या नाहीत, बाळाला औषध द्यायचं, आणि पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही.

मी विचारलं, दूध आटलं असेल तर? म्हणाली, "बाळ पुन्हा छातीशी लावा. चार-पाच दिवसांत येतं. पण आज लावा."

आज. आणि खिंडीत गुडघाभर बर्फ आहे.

१४ जुलै. वरून कोणी उतरलेलं नाही. टपाल नेणारा घोडेवाला म्हणतो, आठवडाभर तरी नाही. तुझा फोन बंद. टॉवर बर्फात गेलाय म्हणतात.

तुला खरं सांगते. त्या दिवशी मी घाईत होते, इंग्रजी अवघड होतं, हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण मी खाली गेले नाही, कारण मला हवं होतं ते वाक्य मिळालं होतं. लिम्फो माझ्या दुधानं आजारी पडली. तेव्हा ना गोळ्या होत्या, ना सांगणारं कोणी. दोन वर्षांची होऊन गेली, आणि गाव अजून तिच्याच नावानं मला हाक मारतं: लिम्फोची आई. मला वाटायचं, मला तेव्हा कोणीतरी 'पाजू नको' असं लिहून द्यायला हवं होतं. म्हणून मी ते दुसऱ्या कोणाला लिहून दिलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बाई मी.

१६ जुलै. आज रामोहापींच्या दुकानातला फोन लागला. आवाज येत होता, जात होता. दुकान भरलेलं होतं, माणसं कळत होती. मी आधी म्हटलं, मासेनातेला बोलवा. रामोहापी म्हणाले, "या बर्फात कोण जाणार? काय ते मला सांग, चार दिवसांनी सांगतो." मग मी ओरडले. म्हटलं, मासेनातेला सांगा, त्या बाईनं बाळाला अंगावर पाजावं, माझं चुकलं, डबा बंद, पेज बंद, काही देऊ नका, आईचं दूध द्या, गोळ्या चालू असल्या की भीती नाही. रामोहापींनी विचारलं, "कुठल्या बाईनं?" म्हटलं, मला माहीत नाही, दुसऱ्या गावातली आहे. मग फोन तुटला. 

म्हणजे आता सगळ्या खोऱ्याला कळलं, की कोणीतरी एक बाळंतीण गोळ्यांवर आहे. ती कोण ते शोधायला त्यांना किती वेळ लागणार? त्या पोरीची झाकली मूठ मी उघडली. तिची मी आयुष्यभर अपराधी आहे. पण ओरडले नसते तर अजून मोठी अपराधी झाले असते.

मालिम्फो

*

हा-सेकोटो, १० ऑगस्ट २०१९

मालिम्फो,

मोठी बहीण म्हणून 'अउसी' लिहिते, आज लिहिणार नव्हते, ते बघ, लिहिलंच नाही. राग आहे.

तुझं ११ तारखेचं पत्र काल मिळालं, घोडेवाल्याकडून. फोन त्याआधीच पोचला होता.

ती दुसऱ्या गावातली नव्हती. ती सेनाते. 'सेनाते मजेत आहे' असं मी लिहिलं तेव्हा ती माझ्याच शेजारी बसून बाळाची टोपी विणत होती. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी आलेली. नवरा सीमेपलीकडे खाणीत, आजार तिथूनच आला. तुलाही सांगितलं नाही. तू सांगशील म्हणून नाही. कागदावर तिचं नाव लिहायला माझा हात धजेना. माझा आजार मी चौदा वर्षं मिरवते, पण पोरीचा मला एक दिवसही उचलवत नाही.

दोन डबे अकरा दिवस पुरले. शेवटी शेवटी मी दुधात पाणी वाढवलं. मग ज्वारीची पेज गाळून दिली, आपल्या आया द्यायच्या तशी. बर्फ वितळवून पाणी घेत होते, ओल्या गोवऱ्या नुसत्या धुरायच्या, खळखळ उकळलं की नाही कोण बघतं? ८ जुलैपासून जुलाब. १५ तारखेला डोळे आत गेले. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. सेनाते रडत नव्हती. भिंतीकडे तोंड करून एवढंच म्हणाली, "आई, नर्सनं सांगितलं होतं." दोन रेघा माझ्याच हातात होत्या.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं, मालिम्फो.

१६ ला दुपारी रामोहापी आले. चार दिवसांनी सांगतो म्हणणारा म्हातारा, कमरेपर्यंत भिजलेला, स्वतः. बाळंतिणीच्या दाराला वेत लावला की पुरुषानं उंबरा ओलांडायचा नसतो, म्हणून ते अंगणात उभं राहून ओरडले. तू तिकडून ओरडलीस ते त्यांनी इथं पुन्हा ओरडून सांगितलं, अक्षर न गाळता, "माझं चुकलं" सकट. ज्यांनी दुकानात ऐकलं नव्हतं त्यांनी इथं ऐकलं.

मी दाराआड उभी होते. वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. मग सेनाते उठली. कापड सोडलं, ते चुलीत टाकलं आणि बाळाला घेतलं. मी "थांब" म्हणाले की नाही ते मला आठवत नाही. म्हणाले असेन.

दूध नव्हतं. पोराला ओढायची ताकद नव्हती. तेवढ्यात मान्तोआ आली, न बोलावता. मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजत बसली. मी म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "अगं शहाणे, खिंडीतून डबे माझ्याच पाठीवर आले. दुसऱ्या गावातल्या बाईचे डबे मी तुझ्याच घरी उतरवले ना? पोर आईजवळ असून छातीला लागत नाही म्हणजे काय, हे या गावात न कळण्याइतकं आंधळं कोण आहे? सगळ्यांना माहीत होतं. तुला तेवढं वाटत होतं की माहीत नाही."

म्हणजे ते गळू, ते कापड, ते खोटं, सगळं मी माझ्या एकटीपासूनच लपवत होते.

मान्तोआ पाच दिवस राहिली. दर थोड्या वेळानं पोराला लावायचं, सोडायचं, पुन्हा लावायचं. सेनातेला ज्वारीची आंबील पाजायची. तिसऱ्या दिवशी घोट घेतल्याचा आवाज आला. आम्ही तिघीही हललो नाही. पाचव्या दिवशी पोर छातीवरच झोपलं.

जगलंय. हलकं आहे, पण रडतं जोरात. सासरी कळलंय. नाव तेच देतात, अजून कोणी आलेलं नाही. पोर बिननावाचं आहे. सहा आठवड्यांची रक्ततपासणी बर्फामुळे राहिली. सप्टेंबरात माझी पाळी आहे, दोघांना घेऊन उतरेन.

आणि ऐक. मी 'दुसऱ्या गावातली बाई' असं लिहिलं नसतं, सेनाते लिहिलं असतं, तर तू आधी सिस्टरला विचारलं असतंस का? रात्रंदिवस हाच प्रश्न आहे. फोनला विचारू नकोस. तू सांग.

मासेनाते

*

कॅम्प, १२ ऑगस्ट २०१९

मासेनाते,

सांगते.

विचारलं नसतं. तुझी सेनाते म्हटल्यावर मी तीन रेघा ओढल्या असत्या.

तेव्हा हा दोष तुझ्या खोट्यावर घालू नकोस. तो माझाच राहू दे. चौदा वर्षं तुमच्या गटाला उत्तरं लिहून मला वाटायला लागलं होतं, की मीच काहीतरी आहे. मी फक्त उतरवून घेणारी आहे, आणि तेही अर्धंच उतरवलं.

उतरा तुम्ही. दार उघडं आहे. शिव्या द्यायच्या असतील तर समोर दे, पत्रात जागा कमी पडते.

मालिम्फो

*

कॅम्प, ७ ऑक्टोबर २०१९

मासेनाते,

हे त्लालीच्या टोपीत आहे. त्याला सांगितलंय, यातला तुकडा ओढलास तर तुझ्या बिअरचं उत्तर मागे घेईन.

तुम्ही येऊन गेल्याला महिना झाला. तू दोन दिवस माझ्याशी जेमतेम बोललीस. ठीक आहे. पण टाचेतून रक्त घेताना तुला बघवेना, सेनाते तोंड फिरवून उभी होती, तेव्हा पोराला तू माझ्या हातात दिलंस. दिलंस की मीच ओढून घेतलं, मला माहीत नाही. त्यानं माझा अंगठा धरला आणि सुई टोचल्यावरही सोडला नाही. 

चिठ्ठी आज आली. नावाच्या जागी लिहिलंय, 'सेनातेचं बाळ, मुलगा'. आपल्याकडे आई पोराच्या नावानं ओळखली जाते, जन्मभर, पोर राहो न राहो. हा पठ्ठ्या सध्या आईच्या नावावर चाललाय. सासरच्यांना सवडीनं येऊ दे.

विषाणू आढळला नाही.

हे वाचून मी थांबले नाही. खाली वाचलं. खाली लिहिलंय, ही शेवटची तपासणी नव्हे, बाळ नऊ महिन्यांचं झालं की पुन्हा, आणि दूध तोडल्यावर पुन्हा. त्याच्याही खाली तपासणाऱ्याची सही आहे, तीही वाचली. चिठ्ठी उलटून मागे बघितलं, कोरी आहे. मग सिस्टर केनुवेकडे नेली, तिनं वाचली. तिला म्हटलं, मोठ्यानं वाचा. ती म्हणाली, "म्मे मालिम्फो, मागे रांग आहे." तरी वाचली.

फोनला मी काही विचारलं नाही. पण विचारणं सोडणार नाही, गटाचे प्रश्न पाठवत जा. आता मी आधी शेवटपर्यंत वाचीन, मग फाटक ओलांडून सिस्टरला दाखवीन, मग लिहीन. उत्तरं एक पाळी उशिरा मिळतील. त्लालीला म्हणावं, तोवर बिअर बेतानं. आणि प्रश्न कोणाचा आहे ते नावानिशी लिही, मासेनाते. पाणी कुठून येतं, चूल पेटते का, जवळ कोण आहे, तेही लिही.

लिम्फोच्या वेळी मला कोणी काही लिहून दिलं नव्हतं. सेनातेला मी लिहून देतेय, सिस्टरला विचारून, पुस्तिकेतली ओळ बघून. खाली रेघ एकच ओढलीय.

गोळी रोज घे, आणि त्याला पाज.

तुझी,
अउसी (हवं तर म्हण)